सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

आपल्या दालनातल्या त्या वीस मिनिटांबद्दल आभार मानायचे राहून गेले होते, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

तीन वर्षे लघवीची जळजळ मला सोडत नव्हती. लघवी करून उठले की काही थेंब पुन्हा कपड्यांत गळत, पतीशी जवळीक नकोशी झाली होती आणि सोलापूरच्या उन्हाळ्यातही वर्गावर जाण्याआधी मी पाणी प्यायचे टाळत असे. दरवेळी जंतुसंसर्ग म्हणून गोळ्या मिळत. लघवीच्या तपासणीत कित्येकदा जंतू सापडतच नसत. पोटाची सोनोग्राफी दोनदा झाली आणि दोन्ही अहवाल निर्दोष आले, तेव्हा घरातच नव्हे, माझ्या स्वतःच्या मनातही हा केवळ मनाचा खेळ असावा अशी शंका येऊ लागली.

आपण माझे सगळे ऐकून घेतलेत आणि पोटावरून पाहताना स्त्रीचा जेमतेम ४ सेंटीमीटरचा मूत्रमार्ग जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या, आड राहतो, म्हणून तो खालून पाहावा लागेल, हे सोप्या शब्दांत समजावलेत. दाराबाहेर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' असा फलक होता आणि रांगेत बहुतेक गर्भवती मुली होत्या. सत्तेचाळीसाव्या वर्षी त्यांच्यात बसताना मला फार अवघडल्यासारखे झाले होते. आपण परिचारिकेला जवळ थांबवलेत, अंगावर चादर घातलीत, आवरण घातलेला प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचे हातात धरायचे उपकरण, जेल लावून बाहेरूनच टेकवलात, आणि प्रत्येक कृती करण्याआधी ती सांगितलीत. खोकायला सांगितलेत, कुंथायला सांगितलेत, आणि त्या वेळी मूत्राशयाचे तोंड किती खाली सरकते तेही पाहिलेत. ना क्ष-किरण, ना नळी, ना वेदना.

मग आपण पडदा माझ्याकडे वळवलात. मूत्रमार्गाच्या मागच्या बाजूला, त्याला बिलगून, गढूळ द्रवाने भरलेली एक छोटी पिशवी दिसत होती. मूत्रमार्गालगतच्या ग्रंथी तुंबून, त्यांत पू होऊन त्या आत फुटल्या की अशी पिशवी, म्हणजे डायव्हर्टिक्युलम, तयार होऊ शकते. तिच्यात लघवी साचते आणि नंतर थेंबथेंब गळते. तीन वर्षांच्या दुखण्याला आकार आहे, तो बोटाने दाखवता येतो, हे कळले तेव्हा मला रडू आवरले नाही. आपण घाई केली नाहीत. पिशवीचा विस्तार आणि तिचे तोंड नेमके कळावे म्हणून एमआरआय करून घ्या, असेही आपणच स्पष्टपणे सांगितलेत.

शस्त्रक्रियेत पिशवी काढली गेली. तीन आठवडे लघवीची नळी होती, तेवढे दिवस कठीण गेले. यंदा सिद्धेश्वराच्या यात्रेत, ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाच्या दिवशी, नंदीध्वजांच्या उंच मानाच्या काठ्यांमागून मी दूरवर चालले, आणि वाटेत पोटभर पाणी प्यायले.

माझ्या जाऊबाईंना खोकताना लघवी सुटते, पण तपासणीच्या संकोचाने त्या अडून बसल्या आहेत. हे पत्र आधी त्यांना वाचून दाखवले. सोमवारी आम्ही दोघी आपल्याकडे येत आहोत.

आपली कृतज्ञ,
सोलापुरातील एक शिक्षिका