काकीची वही

कराड,
२२ ऑगस्ट

प्रिय विलास,

तुझी आई, माझी काकी, गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोळ्याच्या ऑपरेशननंतर पट्टी बांधून पडलो होतो. तुझ्याशी धड दोन वाक्यंही बोलता आली नाहीत, आणि बाराव्यालाही पोचू शकलो नाही. काल डॉक्टरांनी लिहा-वाचायची मोकळीक दिली. पहिलं पत्र तुलाच लिहितोय.

भेटायला आलेला प्रत्येक जण 'फार सोसलं हो बाईनं' असं म्हणून गेला असेल. माझ्या आईच्या वेळीही हेच ऐकलं होतं. मला तो शब्द तेव्हाही अपुरा वाटला, आजही वाटतो. दोघींनी सोसलं हे खरंच. पण त्यांनी रोज सकाळी उठून कितीतरी गोष्टी ठरवल्या, त्याबद्दल कोणी बोलत नाही. आज कुणाला उधार वाढायचं, कुठलं भांडं मोडीत घालायचं, गावच्या पत्रात काय लिहायचं आणि काय गाळायचं, हे सगळं त्यांनीच ठरवलं.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आपण आठवीत होतो. आदल्या दिवाळीपासूनच बोनसवरून धुसफूस होती. कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंत आले आणि अडीच लाख माणसं बाहेर पडली. आपल्याला मजा वाटली होती, आठवतं? पहाटेच्या भोंग्याला वडील उठून गेले नाहीत, दुपारी गॅलरीत पत्त्यांचा डाव रंगला. दोन-तीन महिन्यांत मिटेल, असंच सगळे म्हणत होते. मग पाऊस जवळ आला आणि गाळ्यातली माणसं पेरणीसाठी गावाला जायला लागली. कोकणातली बोटीनं-एसटीनं, आमच्याकडची घाटावर. संप इतका लांबला याचं एक कारण गावची भाकरी हे होतंच. पण गावाला गेलेला माणूस काकीच्या खाणावळीतल्या ताटावरून उठून गेलेला असायचा, आणि बहुतेकांचे दोन-तीन महिन्यांचे पैसे द्यायचे राहिलेले असायचे.

तुमच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत बावीस मेंबर जेवायचे. पहिल्या पाळीचे, दुसऱ्या पाळीचे, रातपाळी करून आलेले, असे चटईवर आळीपाळीनं बसायचे. कोकणातल्यांना भात आणि कुळथाची पिठी, घाटावरच्यांना भाकरी, बुधवारी बांगडा. पगार झाला की मेंबर पैसे द्यायचे आणि काकी वाण्याचं फेडायची. पगारच थांबला तेव्हा या साखळीचा सगळा भार मधोमध उभ्या असलेल्या बाईवर आला. लालबाग-परळला अशा खाणावळवाल्या गल्लोगल्ली होत्या. संपाचा इतिहास सांगताना पुढारी, मालक, मोर्चे, सरकार सगळे येतात. या बायकांचं नाव मात्र सहसा येत नाही. संपकऱ्यांना इतके दिवस उधारीवर जेवू घातलं ते कुणी, याचा हिशोब कोणी मांडलाच नाही.

काकीच्या डोक्यावर तर बँकेचं कर्जही होतं. १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते अशाच बायकांसाठी. गोव्याच्या मुक्तिलढ्यात पायात गोळी झेललेल्या प्रेमाताई आपल्या गिरणगावात आल्या आणि त्यांनी खाणावळवाल्यांना बँकेच्या दारात नेऊन उभं केलं. तोवर कर्ज म्हणजे सावकार आणि त्याचं व्याज. अंगठा उठवून पैसे घेऊन आली त्या दिवशी काकीनं साऱ्या मजल्यावर साखर वाटली होती. संपात ती हप्त्यासाठी इतकी जीव का टाकते, हे मला तेव्हा कळत नव्हतं. एकदा विचारलं तर म्हणाली, "माजा चुकला तर फुडल्या बाईला कोन देल?"

आता वहीबद्दल. माझं अक्षर बरं म्हणून काकी मला संध्याकाळी हाक मारायची. लाल पुठ्ठ्याची लांब वही होती. मेंबरांची नावं डावीकडे, पुढे जेवणाच्या खुणा. रक्कम लिहायची नाही, नुसत्या खुणा. "पैशे किती त्ये त्याला म्हाइत हाय," म्हणायची. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "लिवून झाला का जेवून जा रे बाबू."

मी रोज जेवून जायचो. जूनमध्येही, जुलैमध्येही. कित्येक वर्षांनी, माझ्या पोराला भरवताना, एकाएकी डोक्यात आलं की जुलैत त्या वहीत लिहायला होतंच काय? बावीसातले चार उरले होते. चार खुणा तुलाही करता आल्या असत्या, विलास. तू तिथेच बसलेला असायचास. तरी ती मला जिन्यापलीकडून हाक मारत राहिली, कारण आमच्या चुलीवर काय शिजतंय हे तिला धुरावरून कळत होतं. आणि माझ्या आईलाही हे कळत होतं. ती कधी 'जाऊ नको' म्हणाली नाही. दुपारी मात्र तुमची मोठी पातेली आणि परात नळावर नेऊन घासून ठेवायची. दोघी याबद्दल एकमेकींशी कधी चकार शब्द बोलल्या असतील, असं मला वाटत नाही.

आईनं त्या वर्षी दादरला दोन घरची धुणीभांडी धरली. गावी आज्जीला पत्र जायचं ते माझ्याच हातचं, "इकडील सर्व क्षेम". घंगाळ गेलं, मग हंडा, मग कळशी. बाबा दिवसभर गॅलरीत बसून असायचे, बोलणं जवळजवळ थांबलेलं. विडीसाठी बायकोपुढे हात पसरावा लागू नये म्हणून आई सकाळी कामावर जाताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सुटे पैसे टाकायची. मी अंथरुणातून पाहायचो. बाबांनीही ते कधी बोलून दाखवलं नाही.

एक रात्र तुला कधी सांगितली नव्हती. दिवाळी होऊन गेली होती. पोलिसांच्या गाडीतून काही लोक आत कामावर जायला लागले होते. बाबा अंधारात हळूच म्हणाले, "जाऊ का मी बी?" बराच वेळ काही आवाज नाही. मग आई म्हणाली, "इतकं दिस काढलं, ते माघारी फिराय काढलं व्हय? तुम्हाला वाटत आसंल तर जावा. पर माझ्यासाठनं जाऊ नगा."

बाबा गेले नाहीत. पुढे गिरणीत त्यांना परत घेतलंही नाही. संप तर रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. आईनं त्या रात्री 'जा' म्हटलं असतं तर आमचं आयुष्य वेगळं झालं असतं का, यावर मी खूप विचार केलाय. तिचं बरोबर होतं की चूक, मला अजून ठरवता येत नाही. पण संप तिचाही होता, एवढं मात्र त्या रात्री कळलं. अडीच लाख मोजले, त्यांत ती नव्हती, काकीही नव्हती. माझ्या लेखी आकडाच चुकलेला आहे.

वरच्या मजल्यावरच्या वहिनी पोरांना घेऊन माहेरी गेल्या त्या आल्याच नाहीत. चाळीनं त्यांना नावं ठेवली. आपल्या दोघांच्या आयांनी मात्र कधी नाही ठेवली. "तिच्या पोरांना गावात दूध तरी मिळंल," एवढंच आई म्हणाली होती.

पुढच्या महिन्यात मी बदलापूरला येतोय, दोन दिवस राहीन. काकीची पत्र्याची ट्रंक तू अजून उघडली नसशील, तर मी येईपर्यंत थांब. आणि उघडलीच असशील, तर लाल पुठ्ठ्याची वही रद्दीत देऊ नकोस. शेवटची पानं काढून ठेव. अक्षर माझंच असेल, पण त्या पानांवर तिनं माझ्याकडून काय काय लिहून घेतलं, ते मला आता आठवत नाही.

तुझा,
सुरेश