सुलभीकरण आणि अतिसुलभीकरण यांत भेद राखावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

प्रतिपक्षाचे म्हणणे खोडून काढताना ‘हे सुलभीकरण आहे’ एवढा शेरा मारून थांबण्याची पद्धत वृत्तपत्रीय लेखांत आणि वाचकपत्रांत रूढ झाली आहे. शेरा मारणाऱ्याला बहुधा ‘अतिसुलभीकरण’ म्हणायचे असते. पण ‘अति’ गळतो आणि एका उपयुक्त शब्दाला विनाकारण दूषण चिकटते. हाच शब्द शासकीय परिपत्रकांत मात्र गुणवाचक असतो. दाखले मिळवण्याच्या प्रक्रियेचे सुलभीकरण झाले, तर त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

सुलभ म्हणजे सहज लाभणारे. तेव्हा सुलभीकरणात काही छाटलेच पाहिजे असे नाही. गीतेचे 700 श्लोक मराठी श्रोत्यांना कळावेत म्हणून ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये सुमारे 9,000 ओव्यांची टीका सिद्ध केली; अर्थ आवाक्यात आणताना मजकूर दसपटीहून अधिक वाढला. याउलट, एकच कारण पानभर उगाळणारा लेख लांबलचक असूनही अतिसुलभीकरण ठरू शकतो. दोष वाक्याच्या लांबीत नसतो. जे वगळल्याने निष्कर्षच बदलतो असे काही वगळले गेले आहे का, एवढेच पाहायचे असते. (‘सरसकटीकरण’ हा वेगळा दोष आहे: त्यात चारदोघांवरून सर्वांविषयी बोलले जाते. हे दोन शब्दही एकमेकांच्या जागी वापरू नयेत.)

आमच्या भागातील कोयनेचा भूकंप हे याचे चांगले उदाहरण आहे. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे झालेल्या 6.3 तीव्रतेच्या या भूकंपात सुमारे 180 माणसे दगावली. ‘धरणामुळे भूकंप झाला’ असे तेव्हापासून बोलले जाते, आणि ते निराधार नाही. 1962 च्या सुमारास शिवाजीसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, पाणी साठू लागल्यानंतरच या परिसरात लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली होती. तरीही हे विधान अपुरे आहे. तसे नसते, तर जायकवाडी आणि उजनी या तितक्याच मोठ्या जलाशयांभोवतीही अशीच मालिका सुरू व्हायला हवी होती. ती झाली नाही. कोयना परिसरातील भ्रंशांवर, म्हणजे भूकवचातील खडक जिथे तुटून सरकतात त्या भेगांवर, भूगर्भातील हालचालींचा ताण आधीच साचलेला होता. खोल जलाशयाचे पाणी खडकांच्या भेगांतून झिरपले, तेथील दाब वाढला आणि भ्रंशाच्या दोन बाजूंना जागच्या जागी धरून ठेवणारे घर्षण कमी झाले, असे संशोधक मानतात. कारण आणि निमित्त हा भेद मराठीत फार जुना आहे. इथे ताण हे कारण आणि पाणी हे निमित्त, असे म्हटले तर वाक्य तेवढेच छोटे राहते आणि खरेही राहते.

याच्या नेमके उलटे अतिसुलभीकरणही ऐकायला मिळते: भूकंप ही नैसर्गिक आपत्ती आहे, धरणाचा तिच्याशी काही संबंध नाही. यातली ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ ही भूमिका धरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांना सोयीची असली, तरी पावसाळ्यात पाणी चढल्यावर धक्के वाढतात या निरीक्षणाचे उत्तर तिच्याजवळ नाही. शिवाय 1985 मध्ये वारणेचा जलाशय भरू लागल्यानंतर धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडेही सरकले. पहिले विधान शब्दशः घेतले, तर धरण रिकामे करणे एवढाच उपाय उरतो. दुसरे घेतले, तर जलाशय किती वेगाने भरतो आणि वरची पातळी किती दिवस टिकते यावर लक्ष ठेवण्याचे प्रयोजनच उरत नाही. दोन्हींचा परिणाम या खोऱ्यात राहणाऱ्यांना भोगावा लागतो, म्हणून हा केवळ शब्दांचा कीस नव्हे.

पाठ्यपुस्तकी सुलभीकरणही असेच हाताबाहेर जाते. ‘दख्खनचे पठार स्थिर आहे’ हे वाक्य हिमालयाशी तुलना करताना योग्य आहे. मात्र तुलना गाळून ते एकटे उच्चारले की ‘इथे भूकंप होत नाही’ असा त्याचा अर्थ होतो. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारी उद्ध्वस्त झाली, तेव्हा तो भाग भूकंपप्रवणतेच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळून आठ-दहा हजार जीव गेले. नकाशा वेगळा असता तर घरेही वेगळी बांधली गेली असती, असे मी म्हणणार नाही; गरिबी, उपलब्ध साहित्य आणि पिढ्यान्‌पिढ्यांची बांधणीची रीत वगळून केलेले ते आणखी एक अतिसुलभीकरण होईल.

‘अतिसुलभीकरण’ हा आक्षेप घेणाऱ्याने नेमके काय वगळले गेले आणि ते धरले असता निष्कर्ष कसा बदलतो, हे निदान एका वाक्यात सांगावे, अशी अपेक्षा आपण आपल्या लेखकांकडून आणि आम्हा पत्रलेखकांकडून ठेवावी. ते सांगता येत नसेल, तर संपादनाच्या टेबलावर तो शब्द खोडण्यास माझी हरकत नाही. आणि ज्यांनी एखादा अवघड विषय खरोखरच सोपा करून सांगितला आहे, त्यांच्याबाबत ‘सुलभीकरण’ हा शब्द ‘अति’ न जोडता आणि नाक न मुरडता छापावा.

आपला,
एक नियमित वाचक, कराड