ताई, त्या छोट्या तलवारीबद्दल

प्रिय ताई,

परवा रात्री 'मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड' या व्हिडिओ गेममधला आग ओकणारा मॉन्स्टर, अँजनाथ, माझ्या हातून पडला. मी एकटाच होतो आणि एकदाही बेशुद्ध झालो नाही. तुला लगेच मेसेज टाकला, पण जे सांगायचं होतं ते दोन ओळींत मावणारं नव्हतं. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. हा गेम नुकताच सुरू करून कुणी चौदा शस्त्रांच्या पेटीसमोर अडकला असेल, तर तू मला जे दाखवलंस ते त्यालाही मिळावं.

मी ग्रेट सोर्ड, ती अवजड तलवार, का उचलली होती, ते तुला आठवत असेल. पेटी उघडली तेव्हा तिच्यापुढे हल्ल्याचा आकडा होता ३८४ आणि सोर्ड अँड शील्डपुढे (छोटी तलवार आणि ढाल) ११२. हॅमरपुढे तर ४१६ होता, पण मला तलवारच हवी होती. तिपटीहून जास्त ताकद आयती मिळत असताना ती चिमुकली तलवार कोण घेणार, असं मी तुला म्हणालो. तू वाद घातला नाहीस. ३८४ ला ४.८ ने भाग म्हणालीस, मग ११२ ला १.४ ने. दोन्हीकडे ८० आले. प्रत्येक शस्त्रप्रकाराचा आपापला गुणक असतो आणि पडद्यावर त्याने गुणलेला आकडा दिसतो, त्यामुळे दोन वेगळ्या प्रकारांचे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. खरा फरक एकेका वाराच्या वजनात असतो आणि त्या वाराला लागणाऱ्या वेळात. ग्रेट सोर्डचा पूर्ण चार्ज केलेला वार प्रचंडच असतो. पण तो भरेपर्यंत मॉन्स्टर कुठे असेल, हे आधी ओळखता यायला हवं. मला तर अँजनाथ वळणार आहे की चावणार आहे, हेसुद्धा कळत नव्हतं.

तरीही मी हट्टाने तीच घेऊन गेलो आणि तू स्क्रीन शेअरवर तीन शिकारी नुसत्या पाहिल्यास. ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. तिन्ही वेळा मी तीनदा बेशुद्ध झालो, तिन्ही वेळा क्वेस्ट, म्हणजे ती मोहीम, हातची गेली, आणि तू मध्येच एकदाही 'आता डावीकडे पळ' म्हणाली नाहीस. शेवटी एवढंच विचारलंस, "प्रत्येक वेळी पडायच्या आधी तू काय करत होतास?"

मी आठवून सांगत गेलो. पोशन, म्हणजे जखम भरणारं औषध, प्यायला तलवार पाठीवर अडकवत होतो. अंगाला आग लागली होती म्हणून ती विझवणारं नलबेरी फळ खायला तलवार ठेवत होतो. मग पुन्हा पोशन. नऊपैकी सहा वेळा मी शस्त्र आत ठेवताना किंवा नुकतं ठेवून झाल्यावर मार खाल्ला होता. माझे वार कमी पडत नव्हते. हात मोकळे होईपर्यंत जो वेळ जात होता, तेवढ्यात माझा घात होत होता.

"मग हात मोकळा करावा न लागणारं शस्त्र घे," तू म्हणालीस.

सोर्ड अँड शील्डची ही खुबी मला कुणीच सांगितली नव्हती. तलवार हातात असतानाच ढाल वर धरायची आणि तिथूनच पोशन प्यायचं, नलबेरी खायची, स्लिंगर (मनगटावरची गलोल) चालवायचा. प्यायला लागणारा वेळ तेवढाच असतो, मध्येच मार बसला तर उरलेलं पोशन वायाही जातं. पण तलवार ठेवण्या-काढण्याचे ते जीवघेणे क्षण गळून पडतात. शिवाय हातात शस्त्र असूनही पळता-वळता येतं, वार छोटे असतात, चुकला तर लगेच लोळून बाजूला होता येतं. शेपूट तोडायला धारेचं शस्त्र लागतं आणि डोक्यावर मारून गरगरवायला बोथट. यात तलवार एक काम करते आणि ढालीचा तडाखा थोडंफार दुसरं. एकाच शस्त्रात दोन्हींची तोंडओळख होते.

तू त्याचे दोषही लपवले नाहीस, म्हणून तुझ्यावर विश्वास बसला. हात आखूड आहे, उंच शेपटीपर्यंत पोचत नाही, आणि भराभर वार करण्यात धार लवकर उतरते. धार दाखवणारी पट्टी हिरव्याची पिवळी झाली की तलवार कडक कातडीवरून परत उसळते, म्हणून मॉन्स्टर दुसऱ्या भागात निघाला की आधी दगडावर धार लावायची. तो दगड संपत नाही, तर कंजुषी कशाला, हे तुझं वाक्य आता हातात बसलंय.

लॉन्ग सोर्डबद्दल मी विचारलं तेव्हा तिची लांबी छान आहे म्हणालीस, पण चौघांच्या शिकारीत तिच्या घेरात सोबतीच अडखळतात, तेव्हा आधी एकट्याने शीक. चार्ज ब्लेड या किचकट शस्त्राचे फोटो दाखवले तर नुसतं "नंतर" म्हणालीस. तुझं बरोबर होतं. मॉन्स्टर शिकायचा की शस्त्र, दोन्ही एकदम मला झेपलं नसतं.

मग ट्रेनिंग एरियातली ती संध्याकाळ. मला कॉम्बो (वारांच्या साखळ्या) घोकायचे होते आणि तू फक्त एक गोष्ट करून घेतलीस: दोन वार, मागे उडी, थांब. पुन्हा दोन वार, मागे उडी, थांब. तासभर तेवढंच. तेव्हा कंटाळलो होतो, तुला तसं बोललोही, त्याबद्दल माफ कर. परवा अँजनाथच्या पायाशी नेमकं तेच चाललं होतं. दोन वार, त्याचा घसा पेटताना दिसला, मागे उडी, आणि आग माझ्या समोरून निघून गेली. त्या आगीच्या मॉन्स्टरसाठी पाण्याची तलवारही तूच सुचवली होतीस. तो चौथ्यांदा लंगडत निघाला तेव्हा माझ्याकडे सहा पोशन शिल्लक होते, आणि मी ते मोजत बसलो, कारण आधी कधी एकही उरला नव्हता.

तू स्वतः इतकी वर्षं लान्स (लांब भाला आणि मोठी ढाल) चालवतेस. तुझं आवडतं शस्त्र माझ्या हातात द्यायला तुला काहीच हरकत नव्हती, पण तू माझं पडणं बघून शस्त्र निवडलंस. त्यासाठी मनापासून आभार.

आता डायब्लॉस हा पुढचा मॉन्स्टर समोर आहे. काल दोनदा जाऊन आलो. तो जमिनीखालून शिंगं रोखून येतो तेव्हा माझ्या छोट्या ढालीने मी फरफटत मागे जातो, रक्तही बरंच जातं. यावेळी पडण्याआधी काय करत होतो, ते लिहून ठेवलंय: सातपैकी पाच वेळा ढाल धरून उभा होतो. रविवारी वेळ असेल तर मला लान्स शिकवशील का?

तुझा,
धाकटा भाऊ