पाठ नुसती बघू नका, हात लावून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवृत्तीनंतर मी नर्सिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून जाते. 'बेडसोरचे पहिले लक्षण कोणते?' हा माझा ठरलेला प्रश्न. बेडसोर म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने दाबामुळे होणारी जखम. मुली एका दमात सांगतात, 'मॅडम, त्वचा लाल होते आणि बोटाने दाबले तरी लाली जात नाही.' पुस्तकाप्रमाणे उत्तर बरोबर, गुण द्यावेच लागतात. मग मी माझा चांगला सावळा हात पुढे करते आणि म्हणते, 'यावर लाली कशी दिसेल ते सांगा.' तिथे गाडी अडते.

यात मुलींची चूक नाही. माझ्या पाहण्यातल्या पुस्तकांत चित्रे बहुतेक गोऱ्या कातडीची. आमच्या वॉर्डातला पेशंट जन्मभर उन्हात राबलेला. त्याच्या माकडहाडावर दाब आला तर पहिल्या टप्प्यात लाली दिसेलच असे नाही. फार तर तेवढा भाग आजूबाजूपेक्षा काळसर किंवा जांभळट वाटतो, आणि तोही खिडकीच्या उजेडात. डोळ्यांच्या आधी हाताला कळते. शेजारच्या कातडीपेक्षा तो भाग गरम लागतो किंवा गार, कडक लागतो किंवा लिबलिबीत. आणि पेशंट शुद्धीवर असेल तर सांगतो, तिथे दुखतंय.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. मी अधिपरिचारिका होते तेव्हाची गोष्ट. खुब्याचे हाड मोडलेल्या एक आजी ट्रॅक्शनवर, म्हणजे पायाला वजन बांधून अंथरुणात खिळून होत्या. दोन दिवस त्या म्हणत होत्या, 'बाई, बुडाखाली खडा आहे गं.' मी चादर झटकली, सुरकुत्या काढल्या, खडा काही सापडला नाही. पाठ बघितली, लाल दिसली नाही, म्हणून रिपोर्ट बुकात 'पाठ ठीक' लिहून मोकळी झाले. तिसऱ्या दिवशी कातडी फुटली आणि आत पोकळी निघाली. हाडाजवळ दाब सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे कित्येकदा आतले मांस आधी मरते आणि कातडी सगळ्यात शेवटी फुटते. आजींचा खडा म्हणजे त्यांचे स्वतःचे माकडहाड होते. ती जखम भरायला हाडापेक्षा जास्त दिवस लागले.

आता परीक्षेतल्या 'बॅक केअर'बद्दल, म्हणजे पेशंटच्या पाठीची निगा राखण्याबद्दल. अजूनही मुली स्पिरिट आणि पावडर घेऊन हाडाच्या उंचवट्यावर खसाखसा चोळतात. रक्त खेळते राहावे म्हणून चोळायचे, असे आम्हालाही शिकवले होते. आज ते चूक मानले जाते. स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि आधीच चेपलेल्या बारीक रक्तवाहिन्या चोळण्याने आणखी दुखावतात. बुडाखाली द्यायच्या रबरी रिंगचेही तेच. कडेला दाब बसतो आणि मधला भाग सुजतो. ती रिंग अजून कपाटात का ठेवतात कोण जाणे! हवेची गादी चांगली, पण ती लावली म्हणजे कूस बदलायची गरज संपली, असे नातेवाइकांना वाटते. कधी कधी सिस्टरनाही.

त्यापेक्षा साध्या गोष्टी घोटून घ्याव्यात. पूर्ण कुशीवर झोपवले तर खुब्याच्या हाडावर भार येतो, म्हणून पाठीमागे उशी किंवा घडीची चादर देऊन साधारण ३० अंशांत कलते ठेवावे. पोटरीखाली उशी द्यावी, म्हणजे टाच अधांतरी राहते. पलंगाचे डोके फार उचलू नये, कारण पेशंट खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून जागीच राहते, आतले हाड मात्र सरकते आणि मधल्या वाहिन्या पिळवटतात. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नये, दोघींनी ड्रॉ-शीट (पेशंटच्या कमरेखालची आडवी चादर) धरून उचलावे. ओली लंगोट तासन्‌तास राहिली की एरवी जो दाब सोसला असता तोही कातडी सोसत नाही.

बेडसोरचा धोका किती ते गुणांत मोजणारी ब्रेडन स्केल मुलींना पाठ असते. सहा मुद्दे, एकूण गुण ६ ते २३, आणि १८ किंवा खाली आले की धोका. पण गुण कमी म्हणजे धोका जास्त, इथे अनेकींचा गोंधळ उडतो. शिवाय बेरीज करून कागद फाइलला लावला की काम झाले असे वाटते. १२ गुण आले, मग आता तुम्ही काय करणार, हे कोणी विचारतच नाही.

जखमेच्या बाबतीत 'हवा लागू द्या, वाळू द्या' हा सल्ला घरोघरी चालतो, वॉर्डातही चालतो. जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या जखमांवर प्रयोग करून १९६२ साली दाखवले की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने येते. साठ वर्षे उलटून गेली. तरी भरत आलेल्या लालचुटूक जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस बघण्याची हौस जात नाही. त्या फेसात नव्या पेशीही मरतात. तिथे साधे नॉर्मल सलाईन, म्हणजे निर्जंतुक मिठाचे पाणी, पुरते.

दर दोन तासांनी कूस बदलण्याच्या तक्त्याविषयीही लिहायला हवे. रात्रपाळीला पन्नास पेशंटना एक सिस्टर आणि दोन विद्यार्थिनी असतील, तर पहाटे सहाला रात्रीचे सगळे रकाने एकाच शाईत, एकाच तिरक्या सहीत भरलेले दिसतात. मीही तसे भरले आहेत. मुली पहिल्या वर्षी पुस्तकातून 'दर दोन तासांनी' शिकतात आणि दुसऱ्या वर्षी आमच्याकडून रकाने भरायला शिकतात. मनुष्यबळ वाढवणे आम्हा परीक्षकांच्या हातात नाही. परीक्षेची यादी बदलणे मात्र फार अवघड नसावे.

मागच्या खेपेला माझ्या हाती दिलेल्या गुणांच्या यादीत 'स्पिरिट लावले' या ओळीला दोन गुण होते. 'त्वचेला हात लावून तापमान आणि कडकपणा पाहिला', 'कुठे दुखते ते पेशंटला विचारले' अशा ओळीच नव्हत्या. पुढच्या परीक्षेआधी संबंधितांनी ते दोन गुण तिकडून काढून इकडे द्यावेत, एवढीच विनंती.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, वाई