बंदरात शिरली म्हणजे बोट वाचली, असे नाही

संपादक महोदय,

पावसाळा सरला की मुंबईहून गोव्याकडे शिडाच्या बोटींच्या सफरी सुरू होतात. अरबी समुद्रातली वादळेही पावसाळ्याआधी उठतात, तशी नेमकी त्याच सुमारासही उठतात. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की दुसऱ्या दिवशी बातमी असते, ‘नौका बंदरात सुरक्षित’. तौक्ते वादळात १६ मे २०२१ रोजी देवगडच्या आनंदवाडी बंदरात ज्या दोन बोटी बुडाल्या, त्या भर समुद्रात नव्हत्या. त्या नांगरलेल्या होत्या, आणि तरी खलाशांचे जीव गेले.

एक आणि दोन नंबर दूरच्या वादळाचे. तीन नंबर म्हणजे खुद्द बंदरालाच वादळी वाऱ्याचा धोका. तोवर वाट पाहणाऱ्याला आत चांगली जागा उरत नाही. आणि ‘चांगली’ तरी कोणत्या वाऱ्याला? वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत असेल, तर आपल्याकडे वारा आधी आग्नेयेकडून येतो, मग दक्षिणेकडून, आणि केंद्र पुढे गेल्यावर नैऋत्येकडून. संध्याकाळी डोंगराच्या आडोशाला निवांत वाटलेली जागा पहाटे उघडी पडते, आणि मागे खडक असतो. म्हणून जागा पाहायची ती शेवटच्या वाऱ्यासाठी.

सगळ्यात जास्त चूक होते ती नांगराच्या दोरात. ओहोटीला पाणी ४ मीटर, भरतीचे आणखी अडीच, नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यावरची उंची दीड, म्हणजे एकूण ८ मीटर. वादळात याच्या सातपट, ५६ मीटर साखळी-दोर सोडायला हवा. ओहोटीच्या ४ मीटरवर हिशेब करून २८ सोडणाऱ्याकडे भरतीला जेमतेम साडेतीनपट उरतो. मग दोराची ओढ तळाला आडवी न राहता वर उचलू लागते आणि नांगर सुटतो. आपल्या खाड्यांत बहुतेक ठिकाणी गाळ. त्यात रुंद पात्यांचा नांगर रुततो. चार आकड्यांचा नांगर खडकात उत्तम, पण गाळात शेत नांगरावे तसा सरकत जातो. नांगराजवळ साखळी आणि पुढे नायलॉनचा दोर घ्यावा, कारण नायलॉन ताणला जाऊन हिसका पोटात घेतो. पाण्यावर तरंगणारा स्वस्त प्लास्टिक दोर ते करत नाही, शिवाय उन्हाने कुजलेला असतो. दोर तुटतो तो बहुधा नाळेवर घासून. तिथे रबरी नळी किंवा जाड कॅनव्हास गुंडाळावा आणि दर दोन तासांनी हातभर दोर सोडावा, म्हणजे घासणारी जागा बदलते.

पुढचे गुंडाळीचे शीड उतरवूनच ठेवावे. वाऱ्याने ते उलगडले की नांगरलेली बोट धावू लागते.

गर्दीचे दुखणे वेगळे. दहा बोटी एकमेकींना बांधून दोन-तीन नांगरांवर उभ्या करतात. एक दोर तुटला की सगळी रांग घसरते. पाण्यात खोल उतरलेल्या कण्याची शिडाची बोट पाण्याच्या ओढीप्रमाणे फिरते, सपाट तळाचा ट्रॉलर वाऱ्याप्रमाणे, म्हणून त्यांच्यात अंतर हवेच. रात्री पहाऱ्याला किनाऱ्यावरचे एका रेषेत येणारे दोन दिवे धरावेत. ते एकमेकांपासून सरकू लागले, तर बोट नुसती फिरली की नांगर सुटला हे लगेच तपासावे. साखळीवर हात ठेवला तर घसरणाऱ्या नांगराची थरथर जाणवते.

वारा पडला, ऊन आले, म्हणून निघू नये. लाट एक-दोन दिवस मागे राहते. दाभोळच्या खाडीच्या मुखाशी पाण्याखाली वाळूचा पट्टा आहे. तिथे ओहोटीचे पाणी आत येणाऱ्या लाटेला भिडले की लाट उभी राहून फुटते. भरतीचा शेवटचा तास गाठून निघावे. विजयदुर्गच्या मुखाशी असा पट्टा नाही, त्यामुळे ते बंदर पूर्वीपासून कोणत्याही हवेत शिरण्याजोगे मानले जाते.

आपल्याकडे मागणी एवढीच, की बावट्याच्या क्रमांकासोबत वारा कोणत्या दिशेचा, पुढे कुठे फिरणार आणि जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापाव्यात. चार ओळींची जागा लागेल.

– शिडाच्या बोटी हाकणारे काही वाचक, रत्नागिरी