ऑनलाइन पदवी घेताना मानांकन तपासा

महोदय,

नोकरी सांभाळून व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवी ऑनलाइन घेऊ पाहणाऱ्यांची चौकशी बहुधा शुल्क आणि कालावधी यांपाशीच थांबते, आणि मानांकनाचा (म्हणजे त्रयस्थ संस्थेने दर्जा तपासून दिलेल्या प्रमाणपत्राचा) प्रश्न पदवी हाती पडल्यावर, एखाद्या कंपनीने ती ग्राह्य धरण्यास नकार दिला की मगच उभा राहतो. विद्यापीठाला असलेली मान्यता आणि व्यवस्थापन शिक्षणाचे स्वतंत्र मानांकन या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नसेल तर पुढे विचारच करू नये. दुसऱ्याबाबत मात्र बारकाईने पाहावे लागते. कारण १९१६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली ‘एएसीएसबी’ ही मानांकन संस्था आणि युरोपातील ‘इक्विस’ ही मानांकन व्यवस्था संपूर्ण बिझनेस स्कूलची तपासणी करतात, तर ‘अँबा’ या मानांकन संस्थेचा भर एमबीएसारख्या अभ्यासक्रमांवर असतो. माहितीपत्रकात ‘एएसीएसबीचे सदस्य’ असे ठळक छापलेले असते. पण सदस्यत्व म्हणजे मानांकन नव्हे, हे तिथे कोणी सांगत नाही. (छापणाऱ्यांना ते ठाऊक नसेल, असे मानणे कठीण आहे.) शिवाय बोगस विद्यापीठांना प्रमाणपत्रे वाटणाऱ्या तितक्याच बोगस मानांकन संस्थाही आहेत. म्हणून शिक्षणसंस्थेच्या संकेतस्थळावर विसंबून न राहता, मानांकन देणाऱ्या संस्थेच्या अधिकृत यादीत नाव शोधावे आणि आपण निवडलेला ऑनलाइन अभ्यासक्रम त्यात समाविष्ट आहे का, याचे उत्तर लेखी मागावे. अर्थात, मानांकन असले तरी शिकवणारे कोण, स्वाध्याय तपासतो कोण आणि शंकांना उत्तर किती दिवसांत मिळते, हे प्रवेशापूर्वी आजी विद्यार्थ्यांनाच विचारलेले बरे.

– एक वाचक