थोरिनच्या काठीबद्दल

बर्मिंगहॅम,
रविवार, रात्र

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद.

(अकरा वर्षांच्या माणसाला छोटू म्हणायचं नाही, हे तू मागच्याच महिन्यात बजावलं आहेस. पण मायन्यात चालतं. तुझे आजोबा मला चाळिशीपर्यंत 'चि. बाळ्यास' लिहीत.)

काल तू फोनवर आला नाहीस. आई म्हणाली, "आत जाऊन बसलाय. बाबा खोटारडे आहेत म्हणतो." इतक्या लांब बसून मी काय खोटं बोललो, ते मला कळेना. मग ती म्हणाली, "थोरिन मेला."

तेव्हा कळलं.

मामाने नंतर वेगळा फोन केला. बुद्धिबळाच्या क्लासहून परत येताना गाडीत 'हॉबिट'चं ऑडिओबुक लावलेलं होतं, आणि शिरवळच्या पुढे अठरावं प्रकरण लागलं. तू "थांब, मागे घे" म्हणालास. त्याने मागे घेतलं, आणि वाचणाऱ्याने तेच पुन्हा वाचलं. मग मामाने गाडीच बाजूला घेतली. खंबाटकी चढायच्या आधी तुम्ही दोघं दहा मिनिटं तसेच बसून होतात म्हणे. मला तो एवढंच म्हणाला, "दाजी, ह्याला तुम्ही काय सांगून ठेवलं होतं?"

फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मधेच "बरं, ठेवतो" म्हणाला असतास. म्हणून लिहितोय.

आधी किरकोळ गुन्हे. तू सहा वर्षांचा असताना मी टॉल्किनचं 'हॉबिट' तुला वाचून दाखवलं, असं आपण म्हणतो. खरं तर मी इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन तोंडाने मराठी सांगत होतो, तेही दिवसभराचं काम करून, अर्धा डोळा मिटलेला असताना. गाणी आली की पान उलटायचो. थोरिन राजाचे बुटके गोष्टीचा नायक बिल्बो याच्या घरी जेवतात आणि भांडी घासताना गातात, तिथे मी आपल्या गल्लीतली लेझीम घातली होती. तुला ती फार आवडायची, रोज म्हणायला लावायचास. आता खरी गाणी ऐकलीस तेव्हा तुला कळलं की लेझीम पुस्तकात नाही. अंधाऱ्या गुहेत बिल्बो आणि गोलम एकमेकांना कोडी घालतात, तिथे मी 'सुपभर लाह्या, मधे रुपया' घातलं होतं. त्यावर आईकडे तू जे म्हणालास ते मला पोचलंय : "गोलमला रुपया कसा माहीत असेल?" बरोबर आहे. जमिनीखाली राहणाऱ्याला चांदण्या तरी कुठल्या? त्या प्रकरणातली खरी कोडी वारा, अंधार, काळ, मासा यांची आहेत. ती मराठीत नीट बसेनात, एवढंच.

आता माझी बाजू. गाळणारा मी एकटा नाही. १९७४ साली निकोल विल्यमसन नावाच्या स्कॉटिश नटाने हे पुस्तक चार तबकड्यांवर वाचलं, तेव्हा त्याने मजकूर बराच कापला होता. 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' हेसुद्धा छाटून टाकलं, कारण आवाज बदलला की कोण बोलतंय ते कळतंच. संपूर्ण पुस्तक वाचणारे पुढे आले. रॉब इंग्लिस हा रंगमंचावर एकटा उभा राहून अख्खं 'हॉबिट' करायचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने ते पूर्ण ध्वनिमुद्रित केलं, आणि गाणीही चाली लावून गायली. मी पुण्यात नोकरीला असताना बसमध्ये ऐकलं ते हे. तुला मामाने लावून दिलेलं अँडी सर्किसचं आहे. सिनेमातला गोलम तोच, त्यामुळे पाचव्या प्रकरणात तुझी झोप उडाली असणार. ८ मे २०२० रोजी, टाळेबंदीत, त्याने इंग्लंडच्या आरोग्यसेवेसाठी निधी जमवायला हे पुस्तक एका बैठकीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत थेट वाचलं होतं. दिवसभर. मला वीस मिनिटांत जांभई यायची. त्यानंतर त्याच वर्षी ही नीट मुद्रित केलेली आवृत्ती निघाली.

मला विचारशील तर इंग्लिस बरा. सर्किस नट म्हणून मोठा आहे, पण इंग्लिस एखाद्या घरातल्या आजोबांसारखा वाचतो, आणि हे पुस्तक मुळात तसंच आहे. मधेच लेखक आपल्याशी बोलतो, 'तुम्हाला वाटेल की' वगैरे. ती लकब कागदावर थोडी आगाऊ वाटते, कानाला मात्र गोड लागते. कारण ते आधी कानासाठीच होतं. टॉल्किन ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. परीक्षेचे पेपर तपासता तपासता एक कोरं पान निघालं, त्यावर त्यांनी पहिलं वाक्य खरडलं, हे तुला माहीतच आहे. पण १९३७ साली छापून येण्याच्या कितीतरी आधी, हिवाळ्यात संध्याकाळी चहा झाला की ते आपल्या मुलांना ही गोष्ट सांगत. धाकटा ख्रिस्तोफर तेव्हा चार-पाच वर्षांचा. तो मधेच थांबवायचा : मागच्या वेळी तुम्ही बिल्बोचं दार निळं सांगितलं होतं, आता हिरवं म्हणता! थोरिनच्या टोपीचा गोंडा सोनेरी होता, आज रुपेरी कसा? बाप चरफडत उठायचा आणि टेबलाशी जाऊन टिपून ठेवायचा. हे ख्रिस्तोफरनेच म्हातारपणी लिहिलंय. मोठा झाल्यावर वडिलांच्या कागदांचे ढीग उपसून, जुळवून छापण्यात त्याचं आयुष्य गेलं.

म्हणजे बापाला पकडणारा तू पहिला नाहीस. पण तू पाच वर्षं उशिरा पकडलंस.

आणखी एक पुरावा माझ्या बाजूने. तुझ्याकडे आहे ते पाचवं प्रकरण पहिल्या आवृत्तीत नव्हतंच, निराळं होतं. तिथे गोलम आपली जादूची अंगठी स्वतःहून बक्षीस द्यायला तयार असतो. ती सापडत नाही म्हणून बिचारा माफी मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही मोठी कथा लिहिताना टॉल्किनना तो भला गोलम चालेना. १९५१ च्या आवृत्तीत प्रकरण बदललं. मग जुन्या प्रतींचं काय करायचं? त्यांनी ठरवलं की ती हकीकत बिल्बोने स्वतः रचली होती, अंगठीवर आपला हक्क दिसावा म्हणून. म्हणजे छापून झालेल्या मजकुराला त्यांनी पात्राची थाप करून टाकलं. आमच्या ऑफिसात चूक झाल्यावर असं काही सुचलं असतं तर किती बरं झालं असतं.

त्याच्या पुढच्या वर्षी, १९५२ मध्ये, माल्वर्न नावाच्या गावी एका मित्राकडे त्यांनी पहिल्यांदा टेपरेकॉर्डर पाहिला. यंत्रात भूत असेल तर पळावं म्हणून आधी गॉथिक भाषेत प्रार्थना म्हटली आणि मग त्या यंत्रात हेच कोड्यांचं प्रकरण वाचलं, नवं झालेलं. ते मुद्रण आजही ऐकायला मिळतं. त्यांचा गोलम सर्किसइतका भयंकर नाही. शब्द मात्र भरभर तोंडातल्या तोंडात जातात. विद्यार्थ्यांची तीच तक्रार असे म्हणतात.

आज सकाळी मी सेअरहोलला जाऊन आलो. माझ्या खोलीपासून बस जाते. टॉल्किन चार वर्षांचे असताना आई आणि धाकट्या भावाबरोबर तिथे राहायला आले, १८९६ मध्ये. तेव्हा ते खेडं होतं, आता शहराने गिळलंय. पण पाणचक्की अजून आहे. लाल विटांची, मागे तळं, एक उंच धुराडं. तिथे खतासाठी हाडंही दळत. त्या पिठाने पांढराफटक झालेला गिरणीवाल्याचा मुलगा ही दोन पोरं दिसली की ओरडायचा. त्यांनी त्याला 'पांढरा राक्षस' नाव ठेवलं होतं. बिल्बोच्या गावातली गिरणी ती ही, असं सगळे सांगतात. मी आत जाऊन जातं पाहिलं. आपल्या आजीच्या जात्याचा आजोबा शोभेल एवढं आहे.

तिथल्या बाकावर बसून मला एक जुनी गोष्ट आठवली. टॉल्किनचे वडील नोकरीसाठी दक्षिण आफ्रिकेत राहिले होते, बाकीचे इकडे आलेले. १८९६ च्या फेब्रुवारीत चार वर्षांच्या मुलाने दाईला सांगून वडिलांना पत्र लिहवलं : आम्ही परत येतोय, मला मोठ्या माणसाचा कोट आणलाय, तुम्ही मला ओळखणारही नाही, अशा अर्थाचं. ते टपालात पडलंच नाही. त्याच दिवशी वडील फार आजारी असल्याची तार आली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे, आणि एप्रिलमध्ये येतोय. पण तू फोनवर आला नाहीस आणि मी लगेच कागद घेऊन बसलो, त्याला हेही एक कारण आहे.

आता मोठा गुन्हा.

मामाचा अपघात झाला तेव्हा तुला आम्ही 'मामाचा पाय मुरगळलाय' असं सांगितलं होतं. पाय मुरगळला नव्हता. तो नऊ दिवस अतिदक्षता विभागात होता. आई आणि आजी तिकडे, घरी तू आणि मी. रोज रात्री तू पहिला प्रश्न विचारायचास, "मामा कधी येणार?" आणि दुसरा, "काल कुठे थांबलो होतो?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून मी दुसऱ्याचं घाईघाईने द्यायचो. त्या नऊ दिवसांत आपण पुस्तक फार भरभर वाचलं, तुला आठवत असेल. एरवी मी दोन पानांत झोपायचो, तेव्हा आपण अख्खं प्रकरण संपवत होतो.

सातव्या की आठव्या रात्री अठरावं प्रकरण आलं. लढाई संपलेली. थोरिन मरतो, हे मला ठाऊक होतं, त्याची मी मनाशी तयारी करून बसलो होतो. त्याच्यापुढचं एक वाक्य मात्र मी विसरलो होतो. फीली आणि कीली त्याला वाचवताना मेले, ढाल आणि देह मधे घालून, कारण तो त्यांच्या आईचा थोरला भाऊ होता. एवढंच. टॉल्किननी दोन तरण्या पोरांना एका वाक्यात संपवलंय. डोळ्यांनी वाचताना ते वाक्य निसटू शकतं, माझंही आधी निसटलंच होतं. आता मराठीत तोंडाने सांगायचं म्हणजे एकच शब्द होता : मामा.

मी पान उलटलं. मी म्हणालो, थोरिनच्या पायाला फार लागलं होतं, पण तो वाचला. फक्त पुढे त्याला काठी घेऊन चालावं लागलं. फीली आणि कीली त्याला रोज जेवण नेऊन द्यायचे. काठी मला त्या क्षणी का सुचली, तर दुपारीच डॉक्टर आईला म्हणाले होते की वाचला तरी काठीशिवाय चालेल असं वाटत नाही.

तू विचारलंस, "काठी कसली?" मी म्हणालो, "सागाची." सागाचं झाड तिकडे कुठलं? पण तू हे पकडलं नाहीस.

वीस-बावीस दिवसांनी मामा घरी आला, जिन्याशी काठी टेकून उभा राहिला आणि तू ओरडलास, "मामा थोरिनसारखा चालतो!" तेव्हापासून तो थोरिनमामा. तुला वाटतं हे नाव त्याला गंमत म्हणून आवडतं. काठी सुटली त्याला तीन वर्षं झाली, तरी नाव त्याने सोडू दिलं नाही. पुस्तक त्याने वाचलेलं नव्हतं. त्याला माझ्याकडून एवढंच माहीत होतं की थोरिन हा एक हट्टी राजा होता, पाय मोडला, आणि भाच्यांनी त्याला डबा पोचवला. काल शिरवळच्या पुढे ते वाक्य तुझ्याबरोबर त्यानेही पहिल्यांदाच ऐकलं.

मी चुकलो का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या रात्री पुन्हा तसाच बसलो तर पान पुन्हा उलटेन, हे नक्की. पण नंतर पाच वर्षांत कधीतरी तुला बसवून खरं सांगायला हवं होतं, ते केलं नाही. ऑडिओबुक घे म्हणून मीच मामाच्या मागे लागलो, आणि त्यात पुढे काय आहे ते विसरून गेलो. डोळ्यांना वाक्य गाळता येतं. गाडीतल्या आवाजाला 'हे राहू दे' म्हणायला मी शेजारी नव्हतो.

एकोणिसावं प्रकरण तू ऐकलं नाहीस, असं आई म्हणाली. लहानसं आहे, ऐकून टाक. बिल्बो घरी येतो तर त्याच्या सामानाचा लिलाव चाललेला असतो. तो मेला असं गावाने धरलेलं असतं. हे मी तुला खरंच पुस्तकाप्रमाणे सांगितलं होतं, हवं तर ताडून पाहा.

आणि एक कळव. आपल्या वेळी बिल्बोचं दार मी कुठल्या रंगाचं सांगितलं होतं? पुस्तकात हिरवं आहे. पण तू तेव्हा काढलेलं चित्र मी पाकिटात घालून इथे आणलंय, आणि त्यात ते लालभडक आहे.

तुझा,
बाबा

ता. क. हे पत्र मामाला दाखवायचं की नाही, ते तू ठरव. दाखवलंस तर गाडी थांबलेली असताना दाखव.